नोंदी साध्या मजकुरात मागून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पोटापाण्यासाठी पायथन या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिते आणि रविवारी आमच्या तालुक्यातल्या वाचनालयात मदतीला जाते. मागच्या दिवाळीत वाचनालयाचा जुना संगणक बंद पडला. सभासदांच्या ९ वर्षांच्या नोंदींची फाइल पेनड्राइव्हवर शाबूत होती, पण उघडेना. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याने नोंदी 'पिकल' करून, म्हणजे पायथनच्याच खास स्वरूपात, ठेवल्या होत्या आणि मूळ प्रोग्रॅमची प्रत कोणाकडेच नव्हती.

पिकलमध्ये ऑब्जेक्टमधली, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकेका नोंदीतली, माहिती उतरते; क्लासचा, म्हणजे त्या नोंदीच्या साच्याचा, कोड उतरत नाही. क्लासचे आणि तो ज्या फाइलीत लिहिलेला असतो त्या मॉड्यूलचे नुसते नाव राहते. ते मॉड्यूल सापडले नाही की सगळे अडते. एररमधली नावे वाचून मी त्याच नावांचे रिकामे क्लास लिहिले, तेव्हा नोंदी बाहेर आल्या. क्लास साधे होते म्हणून निभावले. त्यातून, अनोळखी पिकल फाइल उघडणेच धोक्याचे, कारण तिच्यात दडवलेला कोड उघडतानाच चालू शकतो.

मग सगळे जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या एका स्वरूपात, उतरवले. तिथे तारखेला जागा नाही, ती '२०१६-०६-१२' अशी मजकूर म्हणून लिहावी लागते. सभासदाच्या ऑब्जेक्टमध्ये पुस्तक आणि पुस्तकात पुन्हा तोच सभासद, हे चक्र जेसनला चालत नाही. आमच्या ग्रंथपालबाई रजिस्टरात सभासदापुढे पुस्तकाचा दाखल क्रमांक तेवढा लिहितात. मीही तेच केले आणि चक्र सुटले. मराठी नावे मात्र आधी ओळखू येईनात. पायथन एरवी देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाजागी सहा रोमन चिन्हे लिहितो. 'सभासद' या शब्दाची तीस होतात. असे करायला लावणारा 'एन्शुअर आस्की' हा पर्याय बंद केल्यावर नावे नावांसारखी दिसली.

वाचनालये, पतसंस्था, शाळा यांच्या कार्यकारिणीला माझी कळकळीची विनंती आहे. सॉफ्टवेअर घेताना, सगळ्या नोंदी जेसन किंवा सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात) काढून मिळतील, हे करारात लिहून घ्या. तशी फाइल पैसे देण्याआधी नोटपॅडमध्ये उघडायला लावा आणि त्यात आपल्या एखाद्या सभासदाचे नाव शोधून पाहा.

आपली,
एक वाचनालय कार्यकर्ती, जि. सातारा