आधी सीपीयू उघडून बघणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न.

तुमच्या दुकानात येऊन तीनदा आभार मानायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तुम्ही ‘हं, हं’ म्हणत दुसऱ्या कोणाचा तरी प्रिंटर खोलायला घेतलात. म्हणून आता लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड (चित्रांचं काम प्रोसेसरऐवजी स्वतः करणारं कार्ड) बसवू पाहणारी आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या गावात तुम्ही नाही.

आमचा कॉम्प्युटर तुम्हाला तोंडपाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभा मिनी टॉवर. आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कंपन्या चार-पाच वर्षं वापरून एकगठ्ठा विकून टाकतात त्या मालातला. बाबांनी धाकट्याच्या दहावीच्या सुट्टीत घेतला तेव्हा त्यावर फक्त प्रोजेक्ट आणि फॉर्म भरणं होणार होतं. पुढे त्याला ब्लेंडरचं, म्हणजे त्रिमितीय चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरचं, वेड लागलं. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर तो कॉम्प्युटरवर दगड न् दगड उभी करायला बसला. अष्टकोनी विहीर, आतला महाल, खाली उतरणारा जिना. एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे पूर्ण तयार होऊन यायला, सगळा भार प्रोसेसरवर, ४० मिनिटं. तेवढ्या वेळात पंखा असा ओरडायचा की आई देवघरातून विचारायची, काय जळतंय का रे?

त्याने वर्षभर साठवलेले आणि माझ्या पगारातले मिळून ८,००० रुपये झाले, तेव्हा आम्ही तुमच्याकडे आलो. खरं तर विचारायला आलोच नव्हतो. ठरवून आलो होतो. फोनवर जाहिरात होती: सेकंड हँड आरएक्स ५८०, ८ जीबी, आमच्या पैशात बसणारं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की वायर कमी पडली तर साटाचा, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या वायरीचा, कन्व्हर्टर लावा, सगळे लावतात. आम्हाला तुमच्याकडून फक्त बसवून हवं होतं.

तुम्ही फोनकडे पाहिलंसुद्धा नाहीत. “एसएमपीएस किती वॅटचा आहे?” एवढंच विचारलंत. एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आम्हाला माहीत नव्हतं. “मग सीपीयू घेऊन या. कार्ड नंतर बघू.”

काका, माझे खरे आभार या एका वाक्यासाठी आहेत. त्याआधी आम्ही ज्या ज्या माणसाला विचारलं, त्या प्रत्येकाने कार्डाबद्दलच सांगितलं. आमच्या घरात काय आहे हे विचारणारे तुम्ही पहिले.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर, मध्ये सीपीयू धरून आम्ही आलो. तुम्ही बाजूचं झाकण काढलंत, ब्लोअरने धूळ उडवलीत आणि धाकट्याला जवळ बोलावून एसएमपीएसवरचं लेबल वाचायला लावलंत. २९० वॅट. मग कागद घेऊन त्याच्याकडूनच बेरीज करून घेतलीत. प्रोसेसर ८४, बोर्ड, डिस्क, रॅम, पंखे मिळून ४० धरू. आरएक्स ५८० एकटं १८५. बेरीज ३०९ झाली आणि तो गप्प झाला.

“आणि ही बेरीज जमली असती तरी,” तुम्ही म्हणालात, “या एसएमपीएसमधून कार्डाला जाणारी वायरच निघत नाही.” तुम्ही सगळ्या वायरी हातात धरून दाखवल्यात. ८ पिनची जोडणी कुठेच नव्हती. बोर्डाला जाणारा मुख्य प्लगसुद्धा नेहमीचा २४ पिनचा नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा; म्हणजे बाजारातला मोठा एसएमपीएस आणला तर त्याला वेगळा अडॅप्टर हवा. साटाच्या कन्व्हर्टरचं तुम्ही जे सांगितलंत ते मी अजून लोकांना सांगते: साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची झेप दीड अँपिअर, म्हणजे सगळा मिळून ५४ वॅट. त्यातून कार्डाला लागणारी वीज ओढली तर प्लास्टिक वितळतं. दुकानाच्या खालच्या खणातून तुम्ही असा एक काळा पडलेला प्लग काढून धाकट्याच्या हातावर ठेवलात. रागावला नाहीत, भाषण दिलं नाहीत. तो प्लग त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

मग दुसरा प्रश्न विचारलात, जो मला सुचलाच नसता. “रेंडर कशात करतोस?” तो म्हणाला सायकल्स, ब्लेंडरमधलाच रेंडर करणारा भाग. तेव्हा कळलं की ब्लेंडर ज्यातून अशा कार्डांकडून काम करून घ्यायचं ते ओपनसीएल त्याने ३.० आवृत्तीपासून काढून टाकलं आणि आरएक्स ५८०च्या पिढीचं कार्ड आताच्या ब्लेंडरमध्ये सायकल्सच्या रेंडरला हातच लावत नाही. म्हणजे आम्ही सगळे पैसे घालून, कॉम्प्युटर धोक्यात घालून असं कार्ड बसवलं असतं की त्याची विहीर तरीही प्रोसेसरवरच ४० मिनिटं रेंडर होत राहिली असती. काका, हे ऐकून मला घाम फुटला होता. तुम्ही चहा मागवलात.

त्यानंतरचा तास मला आयुष्यभर लक्षात राहील, कारण तुम्ही धाकट्याला कार्ड निवडून दिलं नाहीत, निवडायला शिकवलंत. अट एकच घातलीत: कार्ड बसतं तो बोर्डावरचा स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो, त्यात भागवणारं आणि वरून वायर न मागणारं कार्ड शोध. तो एकेक नाव सांगत गेला आणि तुम्ही एकेकाची बाजू उलगडत गेलात.

जीटी ७१० आणि ७३० स्वस्त, नवीही मिळतात, पण ती स्क्रीन चालू करण्यापुरती. जीटी १०३० एकाच नावाने दोन प्रकारची येते. जीडीडीआर५ वाल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी आणि डीडीआर४ वाल्याचा १७ सुद्धा नाही, खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं नाही तर फसायला होतं. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, वाचून त्याचे डोळे चमकले होते. पण ते स्लॉटच्या १६ पैकी चारच लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, वापरतं. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या बोर्डावर त्या चार पुरतात, आमचा बोर्ड ३.० चा, म्हणजे वेग तिथेच निम्मा. शिवाय त्यात रेकॉर्डिंगला लागणारा व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि हा तर आपलं काम रेकॉर्ड करून मित्रांना दाखवतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल, २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटमध्ये वायरीशिवाय चालतं. “पैसे असते तर हेच घ्यायला सांगितलं असतं,” तुम्ही सरळ म्हणालात. पैसे नव्हते. त्यावर तुम्ही ‘थोडे वाढवा’ म्हणाला नाहीत.

उरली दोन. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०. दोन्ही ४ जीबी, दोन्ही ७५ वॅटची. १०५० टीआय दीड हजाराने स्वस्त मिळत होतं आणि धाकटा तिकडे झुकला होता. तेव्हा तुम्ही सांगितलंत की ते २०१६ च्या पास्कल पिढीचं; ती बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते देणार. १६५० त्याच्या पुढच्या ट्युरिंग पिढीचं, २०१९ चं. दीड हजारात काही वर्षं विकत मिळत असतील तर ती घ्यावीत, हे मला बँकेत बसून रोज लोकांना सांगावं लागतं आणि स्वतःच्या घरच्या खरेदीत मात्र सुचलं नव्हतं.

त्याच वेळी त्याने फोनवर सापडलेलं एक फारच स्वस्त १०५० टीआय दाखवलं. फोटोत मागच्या बाजूला निळं व्हीजीए पोर्ट, मॉनिटरची जुनी अ‍ॅनालॉग जोडणी, होतं. तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, “पास्कलच्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही. हे आतून २०१०-११ चं कार्ड असणार. कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बायोस, बदलून वर नवं नाव चढवतात.” मग जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर अशी खोटी कार्डं कशी ओळखतं ते दाखवलंत. तेव्हापासून धाकटा कुठल्याही कार्डाचा फोटो आधी मागून बघतो.

पुढचं सगळं तुम्ही केलंत. सुटे भाग आणायला पुण्याला जाता त्या फेरीत १६५० शोधलंत. त्यातही निरखून, कारण काही कंपन्यांची १६५० कार्डं वरून ६ पिनची जोडणी मागतात, ती आम्हाला चालणार नव्हती. एका पंख्याचं आखूड कार्ड आणलंत, लांब असतं तर हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडकलं असतं. पैसे देण्याआधी तिथेच अर्धा तास फरमार्कवर, कार्डावर पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीवर, तापवून बघितलंत. ६,२०० रुपये. उरलेल्यातून ९०० रुपयांची ८ जीबीची डीडीआर३ स्टिक घ्यायला लावलीत, कारण एकच स्टिक होती आणि जोडी बसली की मेमरी दोन्ही वाटांनी चालते. शिवाय ब्लेंडरला ८ जीबी अपुरी पडतच होती. प्रोसेसरवरची वाळलेली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट पुसून नवी लावलीत. पंख्याचा तो ओरडा त्या दिवशी गेला. आईला ग्राफिक्स कार्डापेक्षा त्याचंच जास्त कौतुक आहे.

आणि मग ती रात्र. घरी आणून लावला, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. धाकट्याचा चेहरा पाहवत नव्हता. साडेनऊला तुम्हाला फोन केला, तुम्ही जेवायला बसला होतात, मागे काकूंचा आवाज येत होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, “मॉनिटरची केबल कुठे लावलीय?” जिथे नेहमी लावायचो तिथे, बोर्डाच्या व्हीजीएला. कार्ड बसलं की बोर्डाचं पोर्ट बंद होतं, केबल कार्डाला लावायची असते. पण आमचा १९ इंची मॉनिटर फक्त व्हीजीएचा आणि कार्डाला व्हीजीए नाही. कार्डावरच्या डीव्हीआयला साधी टोपी लावूनही भागणार नव्हतं, त्यातून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. आत चिप असलेला एचडीएमआयचा कन्व्हर्टर लागतो. तुम्ही म्हणालात सकाळी या. आणि पावणेअकराला खाली स्कूटरचा आवाज आला. तुमच्या हातात कन्व्हर्टर होता, स्वतःच्या खणातला. वर आलात, लावलात, स्क्रीन उजळेपर्यंत उभे राहिलात, पाणी प्यायलात आणि गेलात. चहासुद्धा घेतला नाहीत, उशीर झालाय म्हणून.

मजुरी म्हणून तुम्ही पेस्टचे १५० रुपये घेतलेत. मी जास्त देऊ लागले तर म्हणालात, पोराने बेरीज बरोबर केली ना, बास.

आता विहिरीचं तेच चित्र १० मिनिटांच्या आसपास होतं. कार्डाच्या ४ जीबी मेमरीची मर्यादा जाणवते. दगडांचे फोटो ४के (सुमारे चार हजार ठिपके रुंद) आकाराचे भरले की मेमरी संपते, मग तो लांबच्या भिंतींना २के वापरतो आणि जवळच्या कमानीला तेवढं ४के. हे त्याचं त्याने शोधलं. विंडोज १० चा आधार संपला आणि आपला प्रोसेसर ११ च्या यादीत नाही, म्हणून तुम्ही सुचवल्याप्रमाणे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकली, त्यावरही कार्ड नीट चालतंय. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा परवा त्याच्याकडे कार्ड विचारायला आला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. धाकट्याने विचारलं, “एसएमपीएस किती वॅटचा आहे?” त्याला माहीत नव्हतं. “मग झाकण उघडून लेबलचा फोटो काढून आण.”

विहिरीचं चित्र छापून घेतलंय. रविवारी तो स्वतः घेऊन येणार आहे, तेव्हा कृपा करून कोणाचा प्रिंटर खोलून बसू नका. कन्व्हर्टर मात्र अजून तुमचाच लावलेला आहे. मॉनिटर बदलला की आणून देईन, तोवर लागतो.

काकूंना नमस्कार. त्या रात्री तुमचं जेवण अर्ध्यावर राहिलं होतं, त्याबद्दल त्यांची वेगळी माफी मागायची आहे. रविवारी मीही येते.

तुमची,
धाकट्याची ताई
सातारा