वाइनमधली नाशपती

नाशिक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

'फळं उकडून पाहुण्यांना घालतोस होय रे?' असं म्हणून फोन ठेवलास. वहिनींना मात्र त्या वाइनमधल्या नाशपतीची कृती हवी आहे म्हणे. तेव्हा हे पत्र त्यांच्यासाठी, टोमणे तेवढे तुझ्यासाठी.

पाहुणे आले त्या रात्री जेवायला शेवभाजी होती, आपल्याकडची, नाकातून पाणी काढणारी. त्यावर गुलाबजाम किंवा बासुंदी म्हणजे पाहुण्यांचा छळ. गार, जराशी आंबूस नाशपती अशा वेळी बरोबर बसते. शिवाय ती आदल्या दिवशीच करायची असते. पाहुणे आल्यावर यजमान स्वयंपाकघरात घाम पुसत उभा, हे मला बघवत नाही.

रविवार कारंजावर फळवाला बबुगोशा, म्हणजे मऊ जातीची नाशपती, पुढे करतो. खायला झकास, पण पिकलेला असला तर पातेल्यात त्याचा लगदा होतो. देठापाशी अंगठ्याने दाबून बघायचं, किंचित दबली की ती घ्यायची. देठ ठेवून सालं काढायची, बूड सपाट कापायचं म्हणजे बशीत उभी राहते. सोललेली फळं लिंबाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळी पडतात.

सहा फळांना रेड वाइनची 750 मिलीची एक बाटली, दीडशे ग्रॅम साखर, दालचिनीचा तुकडा, तीन-चार लवंगा, संत्र्याची साल (पांढरा भाग नको, कडू लागतो) आणि फळं बुडतील इतकंच पाणी. आपण कॉलेजात होतो तेव्हा नाशिकची द्राक्षं म्हणजे खायची. सुला ही इथली वायनरी सुरू झाली 1999 मध्ये, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं 2001 मध्ये, आणि आता शिराझ किंवा झिनफांडेल अशी रेड वाइन मागितली तर दुकानात कुणी वळूनही बघत नाही. साधी घे. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी बाटली इथे वाया जाते, कारण आटवली की तिचा तुरटपणाच पुढे येतो.

पातेलं स्टीलचं, उंच आणि अरुंद. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, अजिबात नको, वाइन आंबट असते. साखर विरघळली की फळं सोडायची आणि आच इतकी मंद ठेवायची की कडेला एखादा बुडबुडा यावा. खळखळ उकळलं की बाहेरून गाळ आणि आतून कच्चं. फळं तरंगतात, म्हणून बटर पेपर गोल कापून वर दाबून ठेवायचा. वीस मिनिटांनी सुई टोचून बघ. कडक असतील तर पस्तीस-चाळीसही लागतात. सुई लोण्यात जावी तशी गेली की गॅस बंद.

आणि मग हात लावायचा नाही. रात्रभर त्याच रसात, फ्रिजमध्ये. खरं काम तेव्हाच होतं. रंग हळूहळू आत शिरतो. दुसऱ्या दिवशी उभी चिरलीस तर कडेला जांभळट लाल, मग गुलाबी आणि गाभ्यापाशी हस्तिदंती पांढरं. त्या दिवशी जोशीकाकू चमचा हातात धरून नुसत्या बघतच राहिल्या.

वाढण्याआधी फळं बाजूला काढून रस गाळून आटवायचा. एकतारीच्या थोडा अलीकडे थांब, गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. सोबत आइस्क्रीम देतात, मला ते आवडत नाही. चक्क्यात दोन चमचे साय आणि नखभर पिठीसाखर फेटून द्यावी.

आई वाइनला शिवत नाही. तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात सटाण्याकडच्या डाळिंबांचा रस आणि लिंबू. रंग फिका येतो, पण चवीला मला तेच जास्त आवडलं. हे तिला सांगितलं नाही, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल.

उरलेला पाक सोड्यात घालून पी. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येतोय. बाटली मी आणतो, तांबडा-पांढरा तुझ्याकडे लागला. वहिनींना तेवढं विचार, उंच स्टीलचं पातेलं घरात आहे का.

तुझा,
दिलीप