लाउंजची तुलना कशावरून?

महोदय,

रेल्वे स्थानकांवरील प्रथम वर्गाच्या लाउंजची तुलना करणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र सोफे, कॉफी आणि सजावट यांना गुण देताना आत प्रवेश नेमका कोणाला मिळतो, हा मुद्दा त्यात बाजूलाच राहिला. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातील लाउंज पूर्वीच्या राजघराण्याच्या प्रतीक्षा कक्षात, थेट एक क्रमांकाच्या फलाटावर आहे, याचे लेखातील कौतुक रास्तच आहे. परंतु जर्मन रेल्वेची लाउंज कितीही नीटनेटकी असली, तरी सर्वांत स्वस्त सवलतीचे तिकीट काढलेल्या प्रवाशाला, ते प्रथम वर्गाचे असूनही, तेवढ्या तिकिटावर आत बसता येत नाही. याउलट शिकागोच्या युनियन स्थानकावर शयनयानाच्या प्रवाशांना लाउंज खुले असते आणि त्याचे मोल सजावटीहून मोठे आहे; कारण पूर्व व पश्चिम किनाऱ्यांकडील लांब पल्ल्याच्या गाड्या येथे बदलताना बॅगा सांभाळत कित्येक तास काढावे लागतात. तासाभरात दुसरी गाडी मिळणाऱ्या मार्गावर, वीस मिनिटांसाठी, मखमली खुर्चीचे एवढे अप्रूप कशाला? (कॉफी तर फलाटावरही मिळते.) पुढील वेळी अशी तुलना छापताना प्रत्येक स्थानकापुढे तिकिटाची अट, लाउंज बंद होण्याची वेळ आणि तेथून फलाटापर्यंतचे अंतर आवर्जून द्यावे, ही विनंती.

– एक रेल्वेप्रवासी