रीळ उलटं करून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाव सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही, म्हणून हे पत्र असं जाहीरपणे लिहितोय. पोचलं तर उत्तम. नाही पोचलं तरी मनात कोंडून ठेवण्यापेक्षा बरं.

तुमच्याआधी जे भेटले त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढं जाववणार नाही. ट्राउट माशासाठी पहिला फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी (फ्लाय) टाकून मासा धरायची काठी, घ्यायचा म्हणून एका विक्रेत्याकडे गेलो. "बजेट किती?" एवढा एकच प्रश्न त्याने विचारला आणि दुकानातला सगळ्यात ताठ, 'फास्ट ॲक्शन'चा रॉड माझ्या हातात कोंबला. ओढ्यावर जाणार की तळ्यावर, वारा किती असतो, यापूर्वी कधी फ्लाय टाकलीय का, यातलं काही त्याला जाणून घ्यायचं नव्हतं. दुसरे एक जाणकार गृहस्थ. त्यांच्याकडे रॉडची चळत आहे आणि प्रत्येकाचं पुराण त्यांना पाठ आहे. ग्राफाइटचं मॉड्युलस, रेझिन, बांबूच्या रॉडची ती जुनी मजा, सगळं ऐकवून झालं. मी डावखुरा आहे म्हटल्यावर मात्र, "मग उजव्या हाताने शिका, सोपं पडेल." विषय संपला. शाळेच्या बाकापासून कात्रीपर्यंत हे वाक्य मी ऐकत आलोय. मासेमारीत तरी सुटका होईल असं वाटलं होतं.

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. मी गाठ मारत बसलो होतो तेव्हा माझे हात बघितले असणार. "माझा टाकून बघता का?" म्हणालात, रॉड पुढे केलात, आणि मी हात लांब करेपर्यंत परत मागे घेतलात. मला वाटलं, विचार बदलला. तर तुम्ही दगडावर बसून रीळ सोडवायला लागलात. सगळी लाइन गवतावर ओढून काढलीत, तिच्या मागची बारीक जोडदोरी, म्हणजे बॅकिंगही. आतलं छोटं बेअरिंग काढून टोपीत ठेवलंत, पालथं करून परत बसवलंत, आणि मग ती ९० फुटी लाइन बॅकिंगसकट उलट्या दिशेने पुन्हा गुंडाळत बसलात. हे सगळं करताना बोलत होतात पाण्याच्या रंगाबद्दल. जणू माझ्यासाठी काही चाललेलंच नाही!

"उद्या तुम्हाला परत सरळ करावं लागेल की," मी म्हटलं.

"लागेल की," तुम्ही म्हणालात, आणि गुंडाळत राहिलात.

काका, त्या "लागेल की"ने मला जे दिलं ते आधीच्या सगळ्या व्याख्यानांनी मिळून दिलं नव्हतं. रिळाची मूठ उजवीकडे आली. रॉड माझ्या डाव्या हातात राहिला, गुंडाळायला उजवा मोकळा. तेव्हा कुठं लक्षात आलं की रॉडला डावं-उजवं नसतंच. कड्या एका रेषेत, रीळ खाली लटकलेलं. डावं-उजवं काय ते रिळाच्या आत, ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, कोणत्या दिशेला धरतो एवढ्यापुरतं. बहुतेक रिळं हवी तशी फिरवून घेता येतात. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. सांगावंसं वाटलं नाही, इतकंच.

मग तुम्ही जे सांगितलंत ते थोडकं होतं, पण रॉड निवडायला तेवढं पुरलं. नकली माशीला वजन जवळजवळ नसतंच, लांब जाते ती लाइनच्या वजनावर. रॉडवरचा आकडा हा त्या लाइनचा आकडा. ५ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आणि रॉड वाकायचा तो या वजनाने. ताठ रॉडवर जवळची, १५-२० फुटांची फेक करायला गेलं की बाहेर तेवढं वजनच नसतं, मग रॉड वाकत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट. ट्राउट तर बरेचदा जवळच उभा असतो. तुमचा मध्यम ॲक्शनचा रॉड हातात आला तेव्हा लाइन मागे ताणली जातेय हे मुठीत कळलं. दुकानातला रॉड मुका होता.

रिळाबद्दल तर तुम्ही मला चकितच केलंत. मी ड्रॅगच्या ताकदीचे आकडे तोंडपाठ करून आलो होतो. तुम्ही म्हणालात, लहान मासा हातानेच लाइन ओढून आणतात, तोवर रीळ म्हणजे लाइन ठेवायची जागा. मोठा मासा पळाला तर ड्रॅग लागतो, पण तिथंही जोर बघायचा नाही, सुरुवात बघायची. ५ एक्सचा टिपेट, म्हणजे माशी बांधायचा टोकाचा धागा, जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड. रीळ पहिल्या हिसक्याला अडखळलं की तो तुटलाच. हे ऐकल्यावर माझ्या यादीतली अर्धी रिळं गळली, आणि उरलेल्यांतलं साधंसं निवडताना हुरहूर वाटली नाही.

माहिती असलेली माणसं मला पुष्कळ भेटतात. समोरच्याला लहान न करता ती माहिती देणारी फार थोडी. त्यांना ओळखायची खूण म्हणजे ती स्वतःच्या सोयीची वस्तू तुमच्यासाठी गैरसोयीची करून घेतात आणि त्याचा उल्लेखही करत नाहीत. स्वयंपाकघरात, कारखान्यात, दवाखान्यात, कुठंही अशी माणसं असतात, आणि बहुधा बाकीच्यांचं चालतं ते त्यांच्याच जिवावर. असो, तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही.

तर रॉड घेतला. ९ फुटी, ५ नंबर, चार तुकड्यांचा, मध्यम ॲक्शनचा. झुडपांतल्या अरुंद ओढ्यांसाठी ७ फुटी ३ नंबर बघा म्हणाला होतात, तो नंतर. रिळावर वाचलेले पैसे लाइनवर घातले. बॅकिंग मी स्वतः गुंडाळलं, उजव्या मुठीच्या हिशेबाने.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. तुम्ही डबल टेपरवाले, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच निमुळती लाइन: एक टोक झिजलं की लाइन उलटी करायची आणि नवं टोक पुढे. मी वेट-फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या भागात असलेली, घेतली. ३० फुटांच्या आत दोन्हींत फारसा फरक नसतो हे मान्य, पण तळ्यावर लांब टाकायची हौस आहे, तिथं मागची पातळ लाइन कड्यांतून सरसर सुटते. तुमचं यावर काय म्हणणं पडेल याचा अंदाज आहे. भेटलात की भांडू.

तुमचा,
डावखुरा