ज्येष्ठांची झोप : गोळीआधी कारण शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे काय किंवा नवी मुंबई काय, साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या कट्ट्यावर गुडघेदुखीच्या खालोखाल गप्पा असतात त्या झोपेच्या. मासुंदा तलावाच्या काठावर, उपवनला, वाशीच्या सागर विहारला सकाळी बसलेल्यांकडे जरा कान द्यावा. दहाला पडलो, अडीचला टक्क जागा, मग पहाटेपर्यंत छताकडे बघत बसलो. उपायही तिथेच, शेजारच्या बाकावरून मिळतो : 'मी घेतो ती छोटी गोळी घेऊन बघा.' या सल्ल्याने होणारे नुकसान मोठे आहे आणि बरेचसे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पासष्टीनंतर सात ते आठ तास झोप पुरेशी मानतात आणि ती तरुणपणीपेक्षा हलकी असते. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, शरीराचे घड्याळ अलीकडे सरकते, त्यामुळे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. रात्रीत एक-दोनदा जाग येऊन दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा डोळा लागत असेल आणि दिवस बरा जात असेल, तर तो आजार नव्हे. साडेनऊला झोपी गेलेला माणूस तीनला उठला तर त्याची साडेपाच तास झोप झालेलीच असते.

त्यापलीकडे त्रास असेल तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. जाग कशाने आली? आणि जाग आल्यावर पुन्हा झोप का लागली नाही? गोळी या दोन्हींवर पांघरूण घालते.

जाग येण्याचे सर्वांत मोठे कारण लघवी. पुरुषांच्या बाबतीत लगेच प्रोस्टेटकडे बोट दाखवले जाते, पण पुष्कळदा मूत्राशय निर्दोष असते, रात्री लघवीच जास्त तयार होत असते. हे घरी मोजता येते. मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह वहीत लिहा. अंथरुणाला पाठ टेकल्यानंतरची सगळी, आणि सकाळी उठल्यावरची पहिली, एवढी बेरीज म्हणजे रात्रीची लघवी. चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा ती जास्त भरली, समजा १५०० पैकी ६५० मिलि, तर प्रोस्टेटच्या गोळीने फार फरक पडणार नाही.

मग हे पाणी येते कुठून? बहुतेक वेळा पायांतून. दिवसभर बसून किंवा उभे राहून पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडून राहिला तर पायांत पाणी आहे. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने अशी सूज येऊ शकते. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या दुखण्यांतही ती येते, म्हणून तपासणी हवीच. सोपा उपाय असा की दुपारी चार-पाचच्या सुमारास तासभर आडवे पडून पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचे, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाते. मात्र धाप लागणाऱ्यांनी किंवा हृदय कमजोर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर त्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास टिकतो, रात्री आठला घेतले तर दोनपर्यंत फेऱ्या ठरलेल्याच. रात्रीच्या ताटातले पापड-लोणचे कमी करा. सातनंतर पाणी घोटभरच घ्या, पण दिवसभराचे एकूण पाणी तोडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत घाम भरपूर जातो आणि पाणी तोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो. रात्री दहाला पेलाभर हळदीचे दूध पिऊन दोनला उठावे लागत असेल तर ते दूध सहाला घ्यावे. मधुमेहींनी हेही लक्षात ठेवावे की रक्तातली साखर १८० च्या आसपास पोचली की ती लघवीत उतरू लागते आणि पाणी सोबत ओढून नेते.

लघवीमागे आणखी एक कारण दडलेले असते, ते म्हणजे झोपेत श्वास अडणे. घसा मिटतो, छाती ताण देते, हृदयावर दाब येऊन एक संप्रेरक सुटते आणि ते मूत्रपिंडाला पाणी सोडायला लावते. म्हणून घोरणारा माणूसच रात्रीतून तीनदा उठताना दिसतो. खुणा ठरलेल्या : घोरता घोरता मध्येच शांतता आणि मग धपापून श्वास, सकाळी डोके जड, तोंड कोरडे, तीन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब न उतरणे, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही याचे प्रमाण वाढते, आणि त्या फार घोरत नसल्याने 'थकवा आहे, वय झाले' म्हणून विषय संपवला जातो. एका रात्रीची चाचणी घरीही करता येते. तासाला १५ किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल तर मध्यम ते तीव्र आजार, आणि त्यावर मुख्य उपचार मास्कमधून हवा देणाऱ्या मशीनचा. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात आणि श्वास जास्त वेळ अडू शकतो.

'पाय ओढतात', 'पोटऱ्यांत किडे चालल्यासारखे होते', आडवे पडल्यावर वाढते आणि उठून चालले की बरे वाटते, असे कोणी सांगत असेल तर लोह तपासा. फक्त हिमोग्लोबिन बघून चालत नाही, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावे. ते ७५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही डॉक्टर लोह सुरू करण्याचा विचार करतात. सर्दीच्या गोळ्यांनी आणि उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने हा त्रास बळावतो.

औषधांच्या वेळाही एकदा सगळ्या तपासून घ्याव्यात. संध्याकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन, दम्यासाठीचे थिओफिलिन, सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिन, गरजेपेक्षा जास्त झालेले थायरॉक्सिन, ही सगळी झोप उडवणारी. रात्री इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा माणूस तीनला घामाघूम होऊन उठत असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा, झोपेचा विचार नंतर. आणि मशेरीचे काय? झोपण्यापूर्वी मशेरी लावणाऱ्या आजी आपल्या घराघरांत आहेत. निकोटिन उत्तेजक आहे, झोप आणत नाही. चहाचे कॅफीन निम्मे उतरायलाच पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा मध्यरात्रीही अंगात असतो.

आता गोळ्यांबद्दल. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम ही आपल्याकडची नेहमीची नावे. वयस्कर शरीरात त्यांचा अंमल लांबतो. रात्री उठताना तोल जातो, मांडीचे हाड मोडते, विसराळूपणा वाढतो, आणि मुलांना वाटते की बाबांना स्मृतिभ्रंश झाला. ज्येष्ठांसाठी टाळावयाच्या औषधांच्या अमेरिकेतल्या बीअर्स यादीत ही सगळी आहेत. आपल्याकडे अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारखी औषधे शेड्यूल एच-१ मध्ये येतात. केमिस्टने चिठ्ठीवरच ती द्यायची आणि नोंद तीन वर्षे जपायची असा नियम आहे. तरी जुनी चिठ्ठी महिनोन्‌महिने चालते, कधी रिकामे पाकीट दाखवूनही गोळी मिळते. आमच्या औषध-व्यवसायातल्या बांधवांनी इथे हात आखडावा, ही कळकळीची विनंती.

पण हे वाचून कोणी आज रात्री गोळी फेकून देऊ नये. वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकदम तोडली की तीन-चार रात्री अजिबात झोप लागत नाही, हात थरथरतात, क्वचित फेफरे येते. 'बघा, गोळीशिवाय जमतच नाही' हा समज या रात्रींतूनच पक्का होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी साधारण चौथाई मात्रा कमी करायची, शेवटच्या टप्प्यात आठव्या हिश्श्याने. त्रास झाला तर मागे न जाता त्याच पायरीवर थांबायचे. तीन-चार महिने लागू शकतात. बदली म्हणून ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळीही घेऊ नये, तिने लघवी तुंबते आणि बुद्धी गोंधळते.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे जाग आल्यावर पुन्हा झोप का लागत नाही याचे, उत्तर अंथरुणात घालवलेल्या वेळात आहे. झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो, सकाळी लोळतो, दुपारी दीड तास भरून काढतो. झोपेची भूक अशी दिवसभर थोडी थोडी भागते आणि रात्री उरत नाही. यावर औषधाविना जी उपचारपद्धती आहे तीच पहिली वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे. पद्धत अशी : दोन आठवडे वहीत लिहा, किती वाजता पडलो, अंदाजे किती झोपलो, किती वाजता उठलो. घड्याळाकडे सारखे बघू नका, सकाळी अंदाजाने लिहिले तरी चालते. समजा साडेनऊ ते साडेपाच असे आठ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळेच्या सुमारे ६९ टक्के. आता उठायची वेळ साडेपाचच ठेवा आणि पडायची वेळ साडेअकरा करा, म्हणजे अंथरुणात सहा तास. पाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका. आठवडाभराची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की पडायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या, आणि असेच दर आठवड्याला. पहिले दहा दिवस दिवसा पेंग येते, तेव्हा स्कूटर चालवू नका. फेफरे, द्विध्रुवी विकार किंवा वारंवार पडण्याचा इतिहास असेल तर हे स्वतःहून करू नये.

सोबतचा दुसरा नियम : वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले की उठायचे, पेंग आल्यावरच परत जायचे. एका खोलीत सून-मुलगा आणि हॉलमध्ये आजी-आजोबा अशा घरात उठून जायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. स्वयंपाकघरात किंवा खिडकीपाशी हात असलेली एक खुर्ची, मंद पिवळा दिवा आणि जपमाळ किंवा जुना अंक एवढे पुरते. मोबाइल नको. रात्री आठला मालिकेसमोर लागणारी डुलकी मोडायला हवी. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. पहाटे तीनला कायमची जाग येणाऱ्यांनी संध्याकाळी पाच ते सहा उजेडात फिरावे, दिवेलागणीनंतरही नऊपर्यंत घरात चांगला प्रकाश ठेवावा, त्याने शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते. पहाटे पाचच्या अंधारात मारलेल्या फेऱ्यांनी पाय मोकळे होतील, झोपेचा प्रश्न सुटणार नाही.

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर पायाच्या उंचीला सेन्सरचा दिवा लावा. उंबऱ्यावर पांढरी किंवा पिवळी पट्टी चिकटवा, ओली फरशी झोपण्यापूर्वी पुसून घ्या, आणि उठल्यावर पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मगच पाऊल टाका.

आवाजाचा वाटा घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांना सांगायला नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे. लाउडस्पीकर त्या वेळेत चालू असेल तर ११२ वर तक्रार करता येते, ती संकोच न करता करावी.

पहाटेच्या जागरणासोबत दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जेवण तुटले असेल, तर ते नैराश्य असू शकते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

दोन्ही महापालिकांच्या नागरी आरोग्य केंद्रांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना एक सुचवावेसे वाटते. शिबिरात रक्तदाब आणि साखर बघताना चार गोष्टी जोडा : रात्री किती वेळा उठता, घोरता का, पाय ओढतात का, झोपेची गोळी किती वर्षांपासून घेता. सोबत शिंप्याची टेप ठेवून गळ्याचा घेर मोजा, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात दोन आठवड्यांची झोपेची वही द्या. पुढच्या शिबिराला ती वही आणि घरातली सगळी औषधांची पाकिटे पिशवीत घालून आणायला सांगा.

आपले,
दोन निवृत्त डॉक्टर व एक औषधनिर्माता,
नौपाडा, ठाणे