हेड वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

माझा प्रिंटर दुरुस्त करायला आलात त्या दिवशी तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत. म्हणून हे पत्र, आणि ते उघडपणे, कारण माझ्यासारखे छपाईवाले गोव्यात गावोगाव आहेत.

चवथीला अकरा दिवस उरले होते. मंडळांचे बॅनर, दुकानांचे फलक आणि सनबोर्डाची, म्हणजे फोमच्या कडक पत्र्याची, चार मखरं एवढं काम मी अंगावर घेतलं होतं, आणि आमच्या इको-सॉल्व्हंट शाईच्या पाच फुटी प्रिंटरच्या काळ्या रंगात पट्टे पडू लागले. क्लीनिंग मारलं की तासभर छपाई बरी, दुसऱ्या सकाळी नोझल चेकमध्ये, म्हणजे शाईच्या प्रत्येक बारीक छिद्राची रेघ काढून बघायच्या छापात, आणखी रेषा गायब. आधी येऊन गेलेल्या माणसाने हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, गेलं, नवं टाका, असं सांगितलं होतं. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते.

तुम्ही फोंड्याहून डिचोलीला भर पावसात आलात. मशीनला हात लावायच्या आधी मागच्या पाच सकाळींचे नोझल चेकचे कागद मागितलेत. मी ते फेकले नव्हते हे नशीब. ते जमिनीवर ओळीने मांडून म्हणालात, "बाय, दिवसा सुधारतं आणि रात्री बिघडतं. मग हे हेड रात्री झोपतं कुठे ते बघूया."

टॉर्च माझ्या हातात देऊन कॅपिंग स्टेशन, म्हणजे काम नसताना हेड झाकून ठेवणाऱ्या कॅपची जागा, दाखवलंत. कॅपच्या रबरी कडेवर सुकलेल्या शाईचा थर होता, आणि एका कोपऱ्यात रबर चिरलेलं. कॅप हेडला घट्ट बसतच नव्हती. रात्रभर हवा शिरून नोझलमधली शाई सुकायची, आणि मी क्लीनिंग मारायचे तेव्हा पंप निम्मी हवाच ओढायचा. महागडी शाई मात्र वाया जात होती. नवी कॅप बसवून तुम्ही तिच्यात क्लीनिंग लिक्विड भरलंत आणि हेड रात्रभर तसंच ठेवलंत. सकाळी दोन सोडून सगळ्या रेषा परत आल्या. त्या दोन तिसऱ्या दिवशी. तो कागद हातात धरून मला रडू आलं होतं.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज सांगून जात नाही. छपाई चालू असताना गेली की हेड रुळावर मध्येच उघडं पडतं. हीटर वगळून प्रिंटरला यूपीएस लावायला सांगितलंत ते याचसाठी: बॅटरीवर काम थांबवायचं आणि हेड कॅपवर आणून ठेवायचं. तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना कटिंग टेबलाकडेही बघितलंत. मखराचे कोपरे जुळत नव्हते, कारण कापताना सनबोर्ड सरकत होता. टेबलाचा उघडा भाग रद्दी व्हायनिलने झाकलात, तशी खालून हवा ओढून बोर्ड धरणारी व्हॅक्यूमची पकड बसली. ब्लेडही बोथट झालं होतं, ते बदललंत. चारही मखरं वेळेवर गेली.

तुम्ही मला नवं हेड विकू शकला असता. त्याऐवजी बिघाड कसा शोधायचा ते शिकवलंत. आता रोज दुकान बंद करताना फोमच्या स्वॅबने कॅपची कड मी स्वतः पुसते, नोझलच्या पत्र्याला मात्र हात लावत नाही. सकाळच्या प्रत्येक कागदावर तारीख घालून गठ्ठा बांधून ठेवलाय. तो बघायला या. चवथीला आलात तर नेवऱ्याही असतील.

आपली,
डिचोलीची छपाईवाली