खुडूक की आजारी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसात आठ-दहा गावरान कोंबड्या असलेल्या घरात वर्षातून दोन-तीनदा तरी हा वाद होतो. एक कोंबडी दोन दिवस खुराड्याबाहेर आलेली नसते, पिसे फुगवून बसलेली असते, अंडी बंद झालेली असतात. घरातले एकजण म्हणते, खुडूक झालीय (म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसलीय), बसू दे. दुसऱ्याला रोगाची शंका येते. त्यात आषाढ तोंडावर असला की निकाल सुरीकडेच जातो. या दोन्ही अंदाजांतली चूक महागात पडते. खुडूक समजून ठेवलेली मानमोडीची (राणीखेत) कोंबडी आठवडाभरात खुराडे रिकामे करू शकते. उलट, धडधाकट खुडूक कोंबडीच्या चोचीत माणसांच्या गोळीचा तुकडा कोंबला जातो, नाहीतर ती बाजारात निम्म्या भावाने जाते. हा फरक पंधरा-वीस मिनिटांत, पैसा न खर्चता ओळखता येतो, म्हणून हे पत्र.

आधी कोंबडीची जात पाहावी. गावरान आणि असील कोंबड्या हमखास खुडूक होतात. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंड्यांचा एक फेर पुरा करते आणि बसते, तिच्या अंगातले संप्रेरकच तसे बदलते. कडकनाथ बसेलच असा भरवसा नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या पांढऱ्या लेगहॉर्नच्या संकरित कोंबड्यांतून मात्र हा गुण निवड करकरून जवळजवळ काढून टाकलेला आहे. तशी कोंबडी कोपऱ्यात मुकाट बसली तर 'खुडूक असेल' हा विचार डोक्यात आणूच नये. वनराजा, गिरिराजा या सुधारित जातीही क्वचितच बसतात.

मग जागा पाहावी. खुडूक कोंबडी अंडी घालायच्या जागीच बसते. तिथली अंडी उचलून नेली तरी तिथेच, रिकाम्या गवतावर किंवा एखाद्या गोट्यावरसुद्धा. थापलेल्या भाकरीसारखी पसरून, पंख थोडे सैल सोडून बसते आणि रात्री झोपायच्या दांडीवर चढत नाही. आजारी कोंबडीला जागेचे काही नसते. ती चुलीमागे, कुंपणाला टेकून, कुठेही आणि बहुधा उभीच पेंगते. पाठीला कुबड, शेपूट खाली, मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. खुडूक कोंबडीचे डोळे उघडे आणि चमकदार असतात. ती हलत नाही, पण तिची नजर तुमच्यावर असते.

आता तिच्या पोटाखाली हात घालावा. खुडूक असेल तर अंग दुप्पट फुगवील, घशातून खरखरीत गुरगुरेल आणि हातावर चोच मारील. छातीखाली हाताला पिसांऐवजी उघडी, उबदार कातडी लागते. अंड्यांना ऊब मिळावी म्हणून तिथली पिसे गळालेली किंवा तिने उपटलेली असतात. आजारी कोंबडी मुकाट्याने उचलू देते, आणि हे लक्षण चांगले नव्हे. एक सांगायला हवे: 'अंग तापलंय' म्हणून आजार ठरवू नये. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमानच १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हाताला प्रत्येक कोंबडी तापलेलीच लागणार.

खरी परीक्षा अंगणात होते. तिला उचलून पाच-सात फुटांवर ठेवावे, समोर मूठभर ज्वारी किंवा मका टाकावा, शेजारी पाणी ठेवावे आणि पाहत राहावे. उचलताना पंखाखाली अंडे अडकलेले नाही ना, हे चाचपावे. खुडूक कोंबडी मिनिटभर ठेवली तशी गोळा होऊन बसेल. मग एकदम उठेल, फुगलेल्या अंगाने 'क्लुक क्लुक' करत फिरेल, अधाशासारखे टिपेल, ढसाढसा पाणी पिईल, मातीत लोळेल आणि तडक खुराड्यात परतेल. दिवसातून एक-दोनदा दहा-वीस मिनिटे बाहेर येण्याचा तिचा नेमच असतो, आपल्याला तो दिसत नाही इतकेच. आजारी कोंबडी दाणा टिपून टाकून देते किंवा नुसतीच उभी राहते. पाण्यावर मान टेकवून उभी राहिली तर काळजी करावी.

याच वेळी ती शीट टाकील, ती नीट पाहावी. खुडूक कोंबडी दिवसभराची साठवून एकदाच टाकते. त्यामुळे गोळा लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा असतो आणि दुर्गंधी अशी की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हगवणच वाटावी. पण तो बांधलेला असतो. पातळ हिरवी-पांढरी शीट मानमोडीची शंका आणते. रक्त दिसले, विशेषतः तलंगांत (अजून अंड्यावर न आलेल्या लहान कोंबड्यांत), तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी. शेपटीखालची पिसे चिकटून बरबटलेली असतील तर ती कोंबडी खुडूक म्हणून सोडून देऊ नये.

गळ्याखालची अन्नाची पिशवीही बोलते. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. खुडूक कोंबडीची संध्याकाळी कमी भरते, एवढाच फरक. सकाळी दाणा घालण्याआधी ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर आत काहीतरी, बहुधा लांब गवत किंवा सुतळी, अडकले आहे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डुचमळली आणि चोचीला आंबूस वास आला तर अन्न आत आंबते आहे. अशा कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळायचा उद्योग बरेच जण करतात. त्यात पाणी श्वासनळीत गेले तर ती जागीच मरू शकते.

तुऱ्यावर मात्र फार विसंबू नये. लालबुंद तुरा म्हणजे निरोगी, फिका म्हणजे आजारी, असे सरसकट सांगितले जाते. अंडी थांबली की खुडूक कोंबडीचाही तुरा आकसतो आणि फिकटतो. काळपट-निळा किंवा खडूसारखा पांढरा तुरा ही वेगळी गोष्ट.

आणखी दोन अवस्था या गोंधळात भर घालतात. पहिली, अंडे अडकणे. अशी कोंबडी अंड्याच्या जागी सारखी आत-बाहेर करते, शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते, कण्हल्यासारखी जोर लावते आणि शेपूट वरखाली हलवते. खुडूक कोंबडी कधी जोर लावत नाही. बोटांनीही खात्री होते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या मागच्या दोन टोकदार हाडांत दोन-तीन बोटे मावतात आणि अंडे येण्याची वाट ओलसर, सैल असते. खुडूक कोंबडीत हे अंतर जेमतेम बोटभर उरते, वाट सुकी आणि लहान होते. अंडे अडकले असेल तर पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे तिला धरून ठेवावे, वाटेला खोबरेल तेल लावावे आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवावे. अंडे दाबू नये, आत फुटले तर कवचाने जखम होऊन ती दगावते. काही तासांत सुटले नाही तर पशुवैद्यकाकडे न्यावे. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवलेला असला तर ही वेळ कमी येते.

दुसरी अवस्था फसवी, कारण कोंबडी खरेच खुडूक असते आणि बसल्याबसल्या आजारी पडते. रक्त पिणारे बारीक जीव दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री अंगावर चढतात. बाकीच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला नाखूश असतात, खुडूक मात्र जागा सोडत नाही आणि रक्त कमी होऊन अंड्यांवरच मरते. रात्री विजेरी लावून दांडीच्या खालच्या बाजूवर पांढरे फडके फिरवावे. त्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या तर दुसऱ्या दिवशीच गवत जाळून, फटींसकट चुना लावून घ्यावा आणि रवणीची (अंडी उबवायला बसण्याची) पाटी नव्याने भरावी. तळाला राख, वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, त्यावर गवत. औषधी पावडर वापरायची तर पशुवैद्यकाला विचारूनच.

खुडूक असल्याची खात्री झाली की ठरवायचे एकच: पिल्ले हवीत की अंडी. पिल्ले हवी असतील तर रात्री, काळोखात, दहा-बारा अंड्यांवर बसवावे. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, आणि कळपात कोंबडा हवाच. दाणापाणी दोन फुटांवर ठेवावे, म्हणजे तिला उठावे लागते. ओल्या खाद्यापेक्षा अख्खे धान्य बरे, शीट घट्ट राहते आणि पाटी घाण होत नाही. सातव्या रात्री अंडी विजेरीपुढे धरून रिकामी काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले येतात. पिल्ले नको असतील तर जाळीच्या तळाचा, जमिनीपासून वर टांगलेला पिंजरा घ्यावा, आत गवत नाही, उजेड भरपूर, दाणापाणी नेहमीसारखे. पोटाला खालून वारा लागला की बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत उठतात. जितक्या लवकर हे कराल तितकी लवकर ती पुन्हा अंड्यावर येते. नाकपुडीत पीस खुपसणे, गार पाण्याच्या बादलीत बुचकळणे, उपाशी कोंडणे हे प्रकार थांबायला हवेत. त्यांनी खुडूकपणा जातो असे नाही, पण कोंबडी अशक्त होऊन आजाराला बळी पडते. अँटिबायोटिकचा तर इथे काही संबंधच नाही. तरीही कृषी सेवा केंद्रातून पुडी आणून पाण्यात घातली जाते आणि तेच पाणी प्यायलेल्या बाकीच्या कोंबड्यांची अंडी घरातली मुले खातात.

आजारी ठरली तर तासाभरात वेगळी करावी, तिची देखभाल सगळ्यात शेवटी करावी, नंतर हात साबणाने धुवावेत. खुडूक एकटीदुकटी होते. दोन-तीन कोंबड्या एकाच वेळी वेगवेगळ्या जागी मान टाकून बसल्या, तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या, मान पिळवटली किंवा पाय लुळे पडले, तर थांबू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करावा. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये आणि 'नुकतीच मेलीय' म्हणून कापूही नये. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा हे सगळ्यांच्या तोंडी होते, आता विसरले गेले आहे.

शेवटी पशुसंवर्धन विभागाला आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. मानमोडीवर औषध नाही, लस आहे. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात, आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही दुसरी लस अर्धा मिली टोचून. पण कुपी शंभर कोंबड्यांची येते आणि घरात कोंबड्या आठ. द्रावण केल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते. एकट्या घराला हे परवडत नाही, म्हणून लस दिलीच जात नाही. वाडीवार तारीख ठरवून दहा-बारा घरांनी एक कुपी घेतली तर अडचण उरत नाही. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला त्या दिवशी वगळावे. आणि तारीख ठरलीच, तर आदल्या रात्री खुराड्याचे दार लावून ठेवावे व टोचून होईपर्यंत उघडू नये. एकदा कोंबड्या परड्यात सुटल्या की त्या धरेपर्यंत बर्फाचे पाणी झालेले असते.

आपला,
परसातल्या कोंबड्या पाळणारा एक वाचक,
जि. सातारा